रा. रा. नामाझू यांस अनावृत पत्र

मुक्काम : जपानच्या खाली, चिखलात

रा. रा. नामाझू यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा रात्री पावणेतीनला आपण पुन्हा अंग हलवलंत. फार नाही, जरासंच. मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या किणकिणल्या, देव्हाऱ्यातली घंटी कुणी हात न लावता वाजली, आणि मी उठून बसेपर्यंत सगळं शांतही झालं. सकाळी लिफ्टपाशी शेजारच्या आजी भेटल्या. ‘हललं नाही का,’ म्हणाल्या. आपल्याकडे ‘रात्री सर येऊन गेली वाटतं’ म्हणतात ना, त्या सुरात. तोक्योत इतकी वर्षं काढूनही मला तो सूर जमलेला नाही. म्हणून म्हटलं, आता थेट मूळ माणसालाच लिहावं. माफ करा, मूळ माशाला.

हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार, तेव्हा आपली ओळख करून देणं भाग आहे. आपण मिशाळ, बिनखवल्यांचे, बुळबुळीत. आमच्या मागूर-शिंगाळ्याच्या भाऊबंदांपैकी. राहणार जपानच्या पोटाखाली. धंदा भूकंपाचा. काशिमाच्या देवळातल्या ताकेमिकाझुची देवानं आपल्या डोक्यावर एक दगड दाबून धरला आहे आणि त्याचा हात सैल पडला की आपण वळवळता, असा आपल्यावर आरोप आहे.

तो दगड मी मुद्दाम पाहून आलो. इबाराकी प्रांतात, देवळामागच्या दाट झाडीत, चिमुकल्या कुंपणाच्या आत. मी मनात निदान मारुतीच्या द्रोणागिरीची तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात जमिनीच्या वर वीतभरही नाही असा एक धोंडा, मधोमध खळगा पडलेला. आमच्याकडे एवढ्या दगडावर आजी चटणी वाटायची. याच्या जोडीचा दुसरा दगड चिबा प्रांतातल्या कातोरीच्या देवळात आहे, तो वरून फुगीर. काशिमाला म्हणे आपलं डोकं आणि कातोरीला शेपूट. दिसतो एवढासा, पण खाली थांगच नाही म्हणतात. सतराव्या शतकात मितोचे सरदार तोकुगावा मित्सुकुनी यांनी सात दिवस खणून पाहिलं आणि बूड काही लागलं नाही, अशी दंतकथा आहे. सात दिवसांत मजुरीचं बिल किती झालं, ते दंतकथेत नाही.

आणि एवढ्या बंदोबस्तात आपण काय केलंत? 11 मार्च 2011 ला, 9 तीव्रतेच्या त्या हादऱ्यात, काशिमाच्या देवळाची दगडी महाकमान पाडलीत. चुकून का होईना, पण कैद्यानं तुरुंगाचाच दरवाजा पाडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. 2014 साली देवळानं आपल्याच आवारातले देवदार तोडून लाकडी कमान उभी केली. दगड होता तिथेच आहे. लोक अजून त्याला नमस्कार करतात. मीही केला, परदेशात उगाच वाकडं कशाला घ्या.

आपली नेमणूक कशी झाली, तेही जरा संशयास्पदच आहे. आधी हे पद आपलं नव्हतंच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या भूकंपाच्या नकाशांत जपानला वेटोळं घालून बसलेला आहे तो ड्रॅगन, सर्पाच्या अंगाचा. आपलं नाव कुजबुजीत होतं. जपानचा तेव्हाचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी यानं फुशिमीचा किल्ला बांधताना 1592 च्या पत्रात ‘नामाझू’ची काळजी घ्या म्हणून बजावलं होतं. 1596 मध्ये भूकंपानं तो किल्ला बसवलाच, म्हणजे पत्र आपल्यापर्यंत पोचलं असावं. पण सर्पाला बाजूला सारून आपण खुर्चीवर पक्के बसलात ते अठराव्या शतकात.

या बदलाचं मला मराठी माणूस म्हणून विशेष वाटतं. आमच्याकडे अजून सर्पाचंच राज्य आहे. शेषानं पृथ्वीचा भार या फण्यावरून त्या फण्यावर घेतला की धरणीकंप, हे आम्ही आजीच्या मांडीवर शिकलो. 1993 साली लातूर-उस्मानाबादकडची माणसं अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी झाली. अनंत हे शेषाचंच नाव. तरी शेषाला कुणी बोल लावला नाही. कसा लावणार? तो देवाचं अंथरूण आहे. आमच्या आरोपीला हात लावायची सोय नाही, आणि ज्याला बडवता येत नाही तो आरोपी असून काय उपयोग? तुमच्याकडच्या लोकांनी ही अडचण ओळखली आणि त्या जागी एक मासा आणून बसवला. ज्याला शिव्या देता येतील, चोपता येईल, आणि वेळ पडली तर खाताही येईल असा.

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो. 11 नोव्हेंबर 1855, रात्री दहाच्या सुमारास, एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो. त्याआधी वर्षभरात 23 आणि 24 डिसेंबरला लागोपाठ दोन प्रचंड भूकंप दक्षिण किनाऱ्यावर होऊन गेले होते. अमेरिकन कमोडोर पेरीची काळी जहाजं दोनदा येऊन तोफा दाखवून गेली होती. इतकी विघ्नं एकामागून एक आल्यावर सरकारनं जे कुठलंही सरकार करेल ते केलं : नाव बदललं. नव्या कालखंडाचं नाव ठेवलं ‘आन्सेइ’, म्हणजे शांततेचा कारभार. वर्ष उलटायच्या आत आपण राजधानीच हलवलीत. सात हजारांहून अधिक माणसं गेली, काही पडझडीत, काही आगीत.

त्या रात्री आपला पहारेकरी कुठे होता? जपानी पंचांगाचा तो दहावा महिना, ‘कान्नाझुकी’, देव नसलेला महिना. या महिन्यात देशभरचे देव इझुमोच्या देवळात संमेलनाला जातात. काशिमाचा देवही गेलेला. मागे राखणदार म्हणून ठेवला एबिसूला. एबिसू कोण, तर मासेमारीचा देव, काखेत कायम एक लालचुटुक मासा घेऊन हसणारा. म्हणजे माशावर लक्ष ठेवायला कोळ्याला बसवलं, आणि त्या काळच्या चित्रांत दाखवतात तसा तो झोपला. आमच्या सोसायटीच्या वॉचमनबद्दल इथून पुढे मी अवाक्षर काढणार नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. शहर अजून धुमसत होतं, आणि चित्रछापे ठोकळे कोरायला बसले. काही आठवड्यांत आपलं चित्र गल्लोगल्ली विकलं जाऊ लागलं : नामाझू-ए, नामाझूची चित्रं. दोनशेहून जास्त वेगवेगळी आज ठाऊक आहेत. जवळपास कशावरच चित्रकाराची सही नाही, सरकारी परवानगीचा शिक्का नाही. पुढे नावारूपाला आलेला कावानाबे क्योसाई तेव्हा विशीतला पोरगा. त्यानं कानागाकी रोबुन या लेखकाबरोबर असंच एक चित्र काढलं आणि ते खपलं. काही चित्रं तर घराच्या छताला चिकटवायचे ताईतच होती. आपल्याच चित्रानं आपल्यापासून संरक्षण. पोलिसानं चोराचा फोटो तिजोरीवर लावावा तसं.

यांतलं एक चित्र माझ्या टेबलावर आहे. छापील प्रत, अस्सल परवडत नाही. मध्यभागी आपण, ढेरपोटे, काळे, डोळे बटबटीत, मिशा पसरलेल्या. आजूबाजूला योशिवाराच्या बायका. योशिवारा म्हणजे एदोची वेश्यावस्ती. केसांत काट्यांची आरास आहे, किमोनोच्या बाह्या मागे सारल्या आहेत, आणि हाताला येईल त्या वस्तूनं त्या आपल्याला झोडपत आहेत. दणके इतके मनापासून हाणले आहेत की कागद हलतोय असं वाटतं. आणि वर डाव्या कोपऱ्यात? सुतार, गवंडी अशी मंडळी हात उंचावून धावत येतायत. मारायला नव्हे. सोडवायला!

कारण उघड आहे. शहर पडलं म्हणजे शहर पुन्हा बांधायचं आलं. सुताराचा रोज वाढला, गवंड्याचा भाव वधारला, छपरं शाकारणारे मिळेनासे झाले. सरकारनं मजुरीवर लगाम घालणारे हुकूम काढले. त्यांचं काय झालं असेल ते पुण्या-मुंबईत घराचं काम काढलेल्या माणसाला सांगायला नको. या लोकांना आपण गुन्हेगार नव्हताच, अन्नदाता होतात. एका चित्रात आपण पोट चिरून घेत आहात आणि आतून आतड्यांऐवजी सोन्याची नाणी ओघळतायत. दुसऱ्या एकात गडगंज व्यापारी नाणी ओकतोय आणि खाली हातावर पोट असणारे ती गोळा करतायत. आणखी एकात आपण माणसाच्या रूपात ढिगाऱ्याखालून लोकांना बाहेर काढताय. ‘योनाओशी’ असा एक शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी होता, जगाची घडी नीट बसवणं. दाबून ठेवलेला पैसा हलवणारा मासा, अशी आपली ख्याती झाली. एकाच आठवड्यात फाशीची मागणी आणि सत्काराची तयारी, हा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. एरवी तो आमच्या आमदारांनाच लाभतो.

नातेवाईकही आणलेत आपण. एका चित्रात वेगवेगळ्या प्रांतांतले भूकंप, म्हणजे आपलेच भाऊबंद, काशिमाच्या देवापुढे ओळीनं बसून कपाळ टेकवतायत. पुन्हा असं होणार नाही, असा माफीनामाही काढून झाला. मिशांसकट वाकलेला मासा बघून राग राहत नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. दोनेक महिन्यांत सरकारला जाग आली, चित्रांवर बंदी घातली, ठोकळे नष्ट केले. भूकंपापेक्षा हसणाऱ्या लोकांचं भय जास्त वाटलं असावं.

आता, रा. रा. नामाझू, हातातलं चित्र जरा बाजूला ठेवू. योशिवाराच्या त्या बायका आपल्याला मारत होत्या, बरोबर? त्या वस्तीभोवती खंदक होता आणि बाहेर पडायला एकच मोठा दरवाजा. मुली पळून जाऊ नयेत म्हणून. त्या रात्री आग लागली तेव्हा आतल्यांना बाहेर पडता येईना आणि त्या शेकड्यांनी भाजून मेल्या. खंदक आपण खणला होता? शहरात सर्वांत जास्त घरं कुठे बसली, तर होंजो, फुकागावा या सखल, भराव घातलेल्या भागांत, आणि किल्ल्याजवळ सरदारांचे वाडे होते तिथे. ती हिबियाची खाडी, पहिल्या तोकुगावा शोगुनच्या काळात बुजवून प्लॉट पाडलेली. खाडी आपण बुजवली होती? मितोच्या सरदारांच्या एदोतल्या वाड्यात फुजिता तोको नावाचा नामवंत विद्वान आईला बाहेर ढकलून स्वतः तुळईखाली मेला. ज्या घराण्यानं आपल्या डोक्यावरच्या दगडाचं बूड शोधायला सात दिवस घालवले, असं म्हणतात, त्याच घराण्याचा वाडा. तेवढे दिवस कुणी त्या तुळईकडे पाहिलं असतं तर? पण खंदक खणणारा, खाडी बुजवणारा, तुळई बसवणारा, यांतल्या एकाचंही चित्र छापलं गेलं नाही. खापर फुटलं ते आपल्या डोक्यावर. आणि कौलांचं शहर पडलेलं, खापऱ्यांना तोटा नव्हता.

पुढे आपली निर्दोष सुटका झाली, ते आपल्याला कळवलं की नाही कोण जाणे. 28 ऑक्टोबर 1891 ला मिनो-ओवारीचा भूकंप झाला, सात हजारांवर माणसं गेली, आणि नेओदानीच्या खोऱ्यात मिदोरी गावापाशी जमीन सरळ रेषेत फाटून एक बाजू सहा मीटर वर आली. कोतो बुंजिरो या भूगर्भशास्त्रज्ञानं ती पायरी पाहिली आणि सांगितलं : भूकंपामुळे जमीन फाटली असं नव्हे, जमीन सरकली म्हणून भूकंप झाला. पुढच्याच वर्षी सरकारी भूकंप समिती नेमली गेली. आज शाळकरी पोरही सांगतं की पॅसिफिकचं कवच वर्षाला आठेक सेंटिमीटर जपानखाली घुसतंय. माशाचा संबंध नाही. तरी आपला नाद सुटेना. 1855 च्याच वेळची गोष्ट सांगतात : एक जण रात्री वाम धरायला गेला, वाम मिळेना आणि आपले भाऊबंद मात्र पाण्यात वेड्यासारखे उसळत होते, तो घरी येऊन सामान अंगणात काढून बसला, बायको हसली, मग घर पडलं. 1930 च्या दशकात हाताई शिन्किशी या प्राध्यापकांनी असे मासे काचेच्या टाकीत ठेवून, टेबलावर टकटक करून तपासले. 1976 पासून तोक्योच्या मत्स्य संशोधन केंद्रानं सोळा वर्षं आपल्या नातवंडांवर नजर ठेवली. भरवसा ठेवावा असं काही हाती लागलं नाही. आरोपी म्हणून सुटलात आणि साक्षीदार म्हणूनही नापास झालात.

इथवर मी आपली चेष्टा केली. आता जे लिहितो त्यात चेष्टा नाही, आणि त्यासाठीच खरं तर हे पत्र.

1 सप्टेंबर 1923, दुपारचे 11 वाजून 58 मिनिटं. कान्तोचा भूकंप. चुली पेटलेल्या होत्या. एक लाखाहून अधिक माणसं मेली. तोवर विज्ञानानं आपल्याला सोडून दिलेलं होतं. एखाद्या व्यंगचित्रात आपण असालही, पण आपल्यावर दात खाणारं कुणी उरलं नव्हतं. आरोपीची जागा रिकामी होती. मग अफवा उठली की कोरियन लोकांनी विहिरींत विष घातलं, कोरियन लोक आगी लावतायत. गृहखात्याच्या तारांनीच ती देशभर पोचवली. गल्लोगल्ली लोकांची पथकं बांबूचे भाले आणि तलवारी घेऊन नाक्यानाक्यांवर उभी राहिली. येणाऱ्याला थांबवायचे आणि म्हणायचे, बोल : ‘जूगोएन गोजिस्सेन’. पंधरा येन पन्नास सेन. कोरियन जिभेला सुरुवातीचे ते ‘ज’ आणि ‘ग’ जड जातात. उच्चार चुकला की संपलं. काही हजार कोरियन मारले गेले, चिनी मारले गेले. 6 सप्टेंबरला चिबा प्रांतातल्या फुकुदा गावात कागावाहून आलेल्या औषधविक्यांच्या टोळीतली नऊ माणसं मारली, त्यांत लेकरं होती. ती जपानीच होती. बोली तेवढी वेगळी होती.

मी या शहरात परका आहे. माझं जपानी बरं आहे, पण ‘त्सु’ अजून मधूनच ‘सु’ होतो. नाक्यावर कुणी पंधरा येन पन्नास सेन म्हणायला सांगितलं तर घाबरून माझी जीभ कशी वळेल, हे मला रात्री पावणेतीनला, वाट्या किणकिणत असताना, आठवतं. तेव्हा मला आपली किंमत कळते, रा. रा. नामाझू. 1855 साली त्या योशिवाराच्या बायकांनी हात दुखेपर्यंत मारलं ते एका कागदावरच्या माशाला.

राग पिसाळलेल्या कुत्र्यासारखा असतो, त्याला काहीतरी चावायला हवं असतं. आणि 2011 मध्येही तो दिसलाच. त्सुनामीला तीन दिवस होत नाहीत तोच तोक्योचे राज्यपाल इशिहारा शिन्तारो यांनी ही लोकांच्या स्वार्थीपणाला मिळालेली दैवी शिक्षा आहे असं म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पण शब्द तर गेलेच. त्यापेक्षा आपलं नाव घेतलं असतं तर कुणाच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं नसतं.

तर माझी विनंती अशी की, निवृत्त होऊ नका. सुटकेचा निकाल गुंडाळून ठेवा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात चिखल करून बसून राहा. आपल्याला काम अजून आहे, हे मी रोज पाहतो. माझ्या घराजवळच्या मोठ्या रस्त्यावर एक पाटी आहे : मोठा भूकंप झाल्यास हा रस्ता सर्वसाधारण वाहनांना बंद. खाली चित्र आपलं. गुबगुबीत, मिशा फेंदारून, थोडं ओशाळं हसणारं. तोक्योत अशा पाट्या जागोजाग आहेत, आणि शाळेतून येणारी पोरं बसस्टॉपवर उभी राहून आपल्याला जीभ दाखवतात. मीही इकडेतिकडे बघून एकदा दाखवली. त्याबद्दल क्षमस्व.

उत्तराची अपेक्षा आहे, पण ते पोस्टानं पाठवावं. कृपया हलून कळवू नये.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, क्षोभ नसावा.

आपला,
तोक्योत तिसऱ्या मजल्यावर राहणारा एक मराठी भाडेकरू